मधुमेह आणि व्यायाम : एका अपुऱ्या चिठ्ठीचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून रोगाविषयी बोलावयाचे, म्हणजे ऐन वसंतात शिशिराची आठवण काढण्यासारखे होईल, अशी शंका प्रथम आमच्याही मनात आली. परंतु ज्या रोगाचे नाव निघताच सभागृहातील प्रत्येकाला आपल्या घरातील कोणी ना कोणी आठवते, तो रोग केवळ वैद्यांचा विषय राहत नाही; तो नागरिकांचा विषय होतो. शिवाय आम्ही आज रोगाचे वर्णन करणार नसून एका उपायाचा इतिहास सांगणार आहोत. तो उपाय म्हणजे व्यायाम.

आपल्या घरी मधुमेह असलेले कोणी असेल, तर त्यांना दिलेली डॉक्टरांची चिठ्ठी एकदा काढून पाहावी. गोळीचे नाव, ती किती मिलिग्रॅमची, सकाळी की रात्री, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, सारे काही काटेकोर लिहिलेले असते. आणि अगदी तळाशी पुष्कळदा एक ओळ असते : ‘रोज चालणे.’ किती चालावयाचे? कोणत्या वेळी? पायांत काय घालून आणि खिशात काय ठेवून? कोणत्या दिवशी मुळीच चालावयाचे नाही? याविषयी चिठ्ठी मौन पाळते. औषधाची मात्रा लिहिणारा हात व्यायामापाशी येऊन का थांबतो? आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, व्यायाम हेही औषध आहे, म्हणून त्यालाही मात्रा आहे, आणि ती मात्रा ठरविणारा जाणता माणूस लागतो. त्या तळच्या ओळीतील गाळलेले शब्द माणसाने कसकसे शोधून काढले, त्याचीच ही हकीकत आहे.

तिचा आरंभ आपल्याच देशात होतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मतःच लाभलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, रूक्ष, थोडे खाणारा व सदा तहानलेला. दुसरा स्थूल, पुष्कळ खाणारा, आणि बैठक, बिछाना व झोप यांची आवड असलेला. चरकसंहितेतही स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही असा भेद करून दोघांचे उपचार वेगळे सांगितले आहेत. आजच्या शास्त्रातील ‘टाइप वन’ आणि ‘टाइप टू’ हे प्रकार त्या ग्रंथांत जसेच्या तसे आहेत असे म्हणणे हा अभिमानाचा अतिरेक होईल. परंतु एकाच नावाच्या रोगाखाली दोन निराळी माणसे उभी आहेत हे त्यांनी ओळखले होते, यात संशय नाही.

आता त्यांनी सांगितलेला व्यायाम पाहा. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एका रात्रीहून अधिक न राहता, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालत जावे. योजन म्हणजे चार कोस असा सर्वसाधारण हिशोब धरला, तर ही चारशे कोसांची वाट होते! धनवानाने सावा, देवभात अशा हलक्या धान्यांवर व आवळा, कवठ यांसारख्या फळांवर राहून गाईंच्या मागे हिंडावे. कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. ज्याच्या बैठ्या आयुष्यातून रोग उपजला, त्याला त्या आयुष्यातूनच उठवून बाहेर काढावयाचे, अशी ही योजना होती. गादीवरचा माणूस एकदा विहिरीत कुदळ घेऊन उतरला की त्याचे जेवण, झोप, संगत सारेच बदलते, हे सुश्रुतकारांना ठाऊक होते.

परंतु या साऱ्या आज्ञांनंतर तेथे एक छोटेसे वाक्य येते, आणि आमच्या मते संपूर्ण प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. त्याचा भावार्थ असा की, जो कृश आहे त्याला मात्र सदैव जपावे. म्हणजे विहीर खणावयाची ती सर्वांनी नव्हे! एकाला जे तारते, तेच दुसऱ्याला मारील, हा इशारा तेथे देऊन ठेवलेला आहे. हे एक वाक्य, आणि ते ‘अनवाणी’ असे सांगणे, या दोन गोष्टी श्रोत्यांनी लक्षात ठेवाव्यात. पुढे आपल्याला त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

येथून आपण एकदम एकोणिसाव्या शतकातील पॅरिस शहरात जाऊ. व्यायाम हा मधुमेहाच्या उपचाराचा भाग म्हणून युरोपात आग्रहाने मांडणारे जे वैद्य झाले, त्यांत आपोलिनेर बुशार्दा यांचे नाव अग्रभागी आहे. सप्टेंबर १८७० पासून जानेवारी १८७१ पर्यंत जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नान्नदशा झाली. त्या उपासमारीत बुशार्दांना असे आढळले की, त्यांच्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली आहे. आपत्ती ही अशी कधी कधी शिक्षिका होते. कमी खाणे आणि अंगमेहनत करणे या दोन गोष्टींवर त्यांनी भर दिला. १८७५ साली त्यांचा या रोगावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी आहाराचे नियमन अगदी टोकाला नेले, आणि त्यालाही व्यायामाची जोड दिली.

मात्र हे उपाय कोणाला उपयोगी पडत? सुश्रुताच्या स्थूल रोग्याला. कृश रोगी, विशेषतः लहान मुले, या उपासाने काही महिने वा एखाददुसरे वर्ष अधिक जगत, आणि हाडांचा सापळा होऊन जात. त्यांना जपावे कसे, याचे उत्तर दोन हजार वर्षे कोणापाशीच नव्हते. ते उत्तर कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली मिळाले. बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन सिद्ध झाले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची सुई दिली गेली. ज्या मुलांचे आईबाप मरणाची वाट पाहत होते, ती मुले अंथरुणावर उठून बसली.

उठून बसलेले मूल धावणारच! आणि येथेच नवा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधणारा वैद्य स्वतःच मधुमेही होता. रॉबिन लॉरेन्स हे स्कॉटलंडच्या ॲबर्डीनचे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात शिकत असता त्यांना हा रोग जडला. आपण आता फार जगत नाही, निदान घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरण नको, अशा विचाराने ते इटलीतील फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ साली, इन्सुलिन आले आहे, त्वरित परत या, असा निरोप त्यांना लंडनहून मिळाला. ते परतले, वाचले, आणि १९६८ पर्यंत जगले. लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी १९३४ साली मधुमेह्यांची संस्था स्थापन केली. याच लॉरेन्सनी १९२६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असे दाखवून दिले की, इन्सुलिनची तीच मात्रा घेऊन माणूस स्वस्थ बसला तर रक्तातील साखर जितकी उतरते, त्याहून व्यायाम केल्यावर ती पुष्कळच अधिक उतरते. म्हणून व्यायाम करावयाचा असेल तर इन्सुलिन कमी करावे लागेल, अथवा खाणे वाढवावे लागेल. चिठ्ठीतील पहिला गाळलेला शब्द असा सापडला : व्यायाम आणि औषध यांचा हिशोब एकत्र मांडला पाहिजे.

त्याच काळात बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन आपल्या रोग्यांना एक दृष्टान्त देत असत. मधुमेह्याचा रथ तीन घोडे ओढतात : आहार, इन्सुलिन आणि व्यायाम. महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला या दृष्टान्तातील खोच सांगावयास नकोच. घोडे उत्तम असून भागत नाही. लगाम कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे. तीन घोड्यांपैकी एकच भरधाव सुटला, तर रथ पुढे न जाता उलटतो.

हा रथ दोन्ही बाजूंना उलटू शकतो, हे पुढे अधिक स्पष्ट झाले. १९७७ साली जर्मनीतील मिखाएल बेर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ज्या रोग्याच्या शरीरात पुरेसे इन्सुलिन आहे त्याची साखर व्यायामाने उतरते. पण ज्याला इन्सुलिन अपुरे पडून रक्तात कीटोन साठले आहेत, त्याची साखर आणि कीटोन दोन्ही व्यायामाने उलट वाढतात! याचे कारण समजण्यास कठीण नाही. स्नायू काम करू लागले की यकृत साठ्यातील साखर रक्तात सोडते. पुरेसे इन्सुलिन असेल तर ते यकृताच्या त्या हाताला आवर घालते आणि साखर स्नायूंत पोचते. इन्सुलिनच नसेल तर कोठाराचे दार उघडे राहते आणि माल रस्त्यावर पडतो. कृशाला जपावे, या प्राचीन सूचनेचा हा शास्त्रीय खुलासा म्हटला तरी चालेल. १९७८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. मांडीत सुई घेऊन लगेच पायांचा व्यायाम केला, तर इन्सुलिन त्या जागेतून नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरते. तेव्हा सुई कोठे घेतली, यालाही महत्त्व आले. व्यायाम संपल्यावरही स्नायू आपले रिकामे साठे भरण्यासाठी कित्येक तास साखर ओढत राहतात. म्हणून सायंकाळी केलेल्या श्रमाचा परिणाम मध्यरात्री, झोपेत जाणवू शकतो. जो माणूस मैदानावर सुखरूप होता, तो पहाटे घामाने भिजून, गोंधळलेल्या अवस्थेत सापडावा, असे घडते ते यामुळे.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग व्यायाम नकोच! ही दुसरी चूक आहे, आणि तिचे बळी आपल्या घरांतच आहेत. सुई घेणाऱ्या मुलाला खेळाच्या तासाला भिंतीशी बसवून ठेवावयाचे, सहलीला पाठवावयाचे नाही, पळू द्यावयाचे नाही, असा आईबापांचा आणि शिक्षकांचा प्रेमळ जुलूम चालू असतो. या मुलाचे बालपण साखरेने नव्हे, भीतीने हिरावून घेतले जाते. अमेरिकन जलतरणपटू गॅरी हॉल यांना १९९९ साली टाइप वन मधुमेह झाला, तेव्हा त्यांची शर्यतीची कारकीर्द संपली असे त्यांना डॉक्टरांकडून ऐकावे लागले. पुढे ॲन पीटर्स या मधुमेहतज्ज्ञ डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला : पोहावयाचे, पण पदोपदी साखर मोजून. हॉल यांनी २००० च्या सिडनी आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ५० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. आपल्या परिचयाचा दाखला हवा असेल, तर वासिम अक्रम यांचा घ्यावा. १९९७ साली मधुमेहाचे निदान झाल्यावरही ते कित्येक वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांत वेगाने गोलंदाजी करीत होते. या लोकांपाशी अलौकिक शरीर होते हे खरे. पण त्यांना तारले ते मोजमापाने आणि मार्गदर्शनाने, आणि त्या दोन गोष्टी सामान्य माणसालाही मिळू शकतात.

आता ते ‘अनवाणी’ चालणे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, हे आज सर्वमान्य आहे. या बधिर पायांविषयीचे मोठे ज्ञान आपल्या देशातूनच जगाला मिळाले. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली तमिळ प्रदेशातील वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांमध्ये काम करू लागले. कुष्ठरोग्याचे पाय रोगाने आपोआप झडतात, अशी समजूत होती. ब्रँड यांनी दाखविले की, वेदना जाणवत नसल्यामुळे तोच दाब, तोच खडा, तोच खिळा पुनःपुन्हा त्याच जागी लागून जखमा होतात. वेदना ही शत्रू नसून पहारेकरी आहे, आणि पहारेकरी झोपला की चोर शिरतो. त्यावर उपाय म्हणून मऊ रबराच्या तळाच्या चपला तेथे तयार होऊ लागल्या. पुढे १९६६ साली ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले, आणि हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांना लागू पडले. सुश्रुताच्या चारशे कोसांची वाट आजही खरी आहे. मात्र ती अनवाणी चालावयाची नाही. देवदर्शनाला उन्हातान्हात अनवाणी जाणाऱ्या, हिरवळीवर अनवाणी चालणे हितकर समजणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे हात जोडून सांगितले पाहिजे. जुन्या ग्रंथाचा मान राखणे म्हणजे त्याची प्रत्येक ओळ पाळणे नव्हे. त्यातील विचार पुढे नेणे होय.

व्यायामाचा लाभ किती, याचा हिशोब गेल्या चार दशकांत मांडला गेला. चीनमधील दाचिंग येथे १९८६ साली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ लोकांना घेऊन प्रयोग सुरू झाला. सहा वर्षांत आहार व व्यायाम यांनी रोगाचे प्रमाण लक्षणीय घटले. अमेरिकेत ३,२३४ लोकांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २००२ साली आला. आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि वजनात सात टक्के घट हे ज्यांचे ध्येय होते, त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या प्रयोगात २००६ साली २८.५ टक्के घट दिसून आली.

पण हे आकडे सांगताना पुष्कळदा एक गोष्ट विसरली जाते. अमेरिकेतील त्या प्रयोगात कोणालाही ‘रोज चालणे’ एवढे सांगून घरी पाठविले नव्हते. प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता आणि सोळा पाठांचा अभ्यासक्रम होता. इटलीत ६०६ मधुमेह्यांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला केवळ सल्ला दिला, तर दुसऱ्याला सल्ल्याबरोबर आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम दिला. दुसऱ्या गटाची प्रगती अधिक झाली. २०११ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून काढलेला निष्कर्षही असाच आहे : आखून दिलेल्या व्यायामाने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी सुधारते, आहाराची जोड नसलेला नुसता तोंडी उपदेश मात्र निष्फळ ठरतो. म्हणजे तळच्या ओळीचा अपुरेपणा आता सिद्ध झालेला आहे.

या मार्गदर्शनाची आपल्या लोकांना विशेष गरज का, हे पुण्याच्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपला माणूस वरून कृश आणि आतून स्थूल असू शकतो. तेव्हा आपण स्थूलांत मोडतो की कृशांत, हे आरशात पाहून ठरविण्याची सोयही आपल्याला राहिलेली नाही.

मार्गदर्शक ही कल्पना आपल्याला नवीन आहे काय? मुळीच नाही. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी जोडीशी झुंजवीत नाही. त्याचे अंग पाहतो, खुराक विचारतो, जोर-बैठकांची संख्या ठरवून देतो आणि हळूहळू वाढवितो. ज्या समाजाने निरोगी पोराला वस्तादाशिवाय आखाड्यात उतरू दिले नाही, त्याने साठीच्या मधुमेह्याला मात्र एकट्याने टेकडी चढावयास पाठवावे, हे नवल नव्हे काय?

म्हणून आमची विनंती अशी की, पुढल्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर त्या तळच्या ओळीपाशी थोडे थांबावे आणि विचारावे : माझे हृदय, डोळ्यांचा पडदा आणि तळपाय तपासून झाले आहेत काय? पडदा नाजूक झाला असेल तर जड वजन उचलणे घातक ठरते. माझ्या गोळ्या साखर एकदम उतरविणाऱ्या आहेत काय? मेटफॉर्मिन एकट्याने सहसा तसे करीत नाही. इन्सुलिन आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावणाऱ्या गोळ्या करतात. अशा औषधांवरील माणसाने निघण्यापूर्वी साखर मोजावी. ती ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे. ती २५० च्या वर असून कीटोनही आढळले, तर त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांना गाठावे. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, तर थांबून तीन चमचे साखर घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्या वेळी पेढा उपयोगाचा नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. छातीत दुखले तर व्यायाम तेथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरातील कोणाला पाहावयास सांगावे. या गोष्टींना खर्च थोडा आहे. त्या न केल्याने जाते ते पाऊल, दृष्टी, किंवा प्राण.

सुश्रुतकारांनी रोग्याला चारशे कोसांची वाट दाखविली, आणि कृशाला जपावे असेही बजावले. बुशार्दांनी श्रमाचे मोल सांगितले, लॉरेन्सनी त्याचा हिशोब मांडला, ब्रँड यांनी पायांचे रक्षण शिकविले. एवढ्या लोकांनी मिळून जी चिठ्ठी पुरी केली, ती आपण पुन्हा दोन शब्दांवर आणून ठेवू नये. उद्या सकाळी आपण अवश्य चालावयास निघा. मात्र किती, कसे आणि कोणाच्या सल्ल्याने, हे विचारून निघा. भिंतीशी बसलेल्या त्या मुलालाही बरोबर घ्या. त्याच्या खिशात साखर असू द्या, त्याच्या शिक्षकांना सारे नीट समजावून द्या, आणि मग त्याला खुशाल पळू द्या.